मधली दोन वर्षं

बनशंकरीत देवळाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या गल्लीत, एका घराच्या फाटकावर पाटी होती. वर कानडीत आणि खाली इंग्रजीत: खोली भाड्यानं मिळेल, फक्त नर्सेसना. त्याच्याखाली, जागा उरली म्हणून लिहावं तशी, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. डॉक्टरांनी बेल वाजवू नये.

मी नर्स होते, म्हणून वाजवली. दार उघडलं ते पांढऱ्या सुती साडीतल्या, उंचीला पाच फूटही न भरणाऱ्या एका बाईंनी. पदराला डाव्या खांद्याखाली सेकंदकाट्याचं घड्याळ पिन केलेलं, जुन्या सिस्टर लावायच्या तसं. बाईंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. मी कानडीत नाव सांगितलं. गाव निपाणीजवळचं म्हटल्यावर त्या सरळ मराठीवर आल्या.

“हात दाखव.”

मला वाटलं, बाई भविष्य बघतात. मी उजवा तळवा पुढं केला. त्यांनी तो पालथा केला, नखं बघितली, मग डावा मागितला, त्याचीही नखं बघितली आणि मला माडीवरच्या खोलीत नेलं. तिथं पलंगावर उघडी गादी होती आणि उशाशी घडी केलेली चादर.

“घाल.”

मी चादर घातली. कोपरे हॉस्पिटलात मुडपतात तसे मुडपले. त्यांनी एका कोपऱ्यात बोट खुपसून ओढून बघितलं. कोपरा जागचा हलला नाही.

“सरी, ठीक आहे. सामान कुठं आहे?”

भाडं किती, जेवणाचं काय, यातलं काहीही बोलणं झालं नाही. मी खाली जाऊन रिक्षातून बॅग काढली आणि त्या घरात राहायला गेले. पुढं चार वर्षं राहिले.

त्यांना सगळे अक्का म्हणत. गल्लीतला भाजीवाला, शेजारच्या सत्तरीतल्या अज्जी, आणि शहरभर पसरलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीसुद्धा. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्यांनी उभा जन्म काढला होता. आधी वॉर्डात, मग शिकाऊ नर्सेसना शिकवण्यात. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, “ड्यूटी लागली होती.” त्यांचं मराठी घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून होतं की मूळ गाव कुठलं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांची मराठी निम्मी कानडी होती. “पुण्याचे लोक माझी मराठी ऐकून हसतात,” त्या म्हणायच्या, “मी त्यांची कानडी ऐकून हसते. फिट्टंफाट.” माझ्या मराठीलाही त्यांनी सोडलं नाही. आमच्याकडं बायकाही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी मी “पाणी आणतो” म्हटलं, तर अक्कांनी माझ्या मागं-पुढं बघितलं आणि विचारलं, “कोण आणतोय? पुरुषांना या घरात बंदी आहे.”

मी बंगळुरात आले होते ती नोकरी शोधायला. तेही मुदतीवर. दादानं सांगितलं होतं, पाडव्यापर्यंत बघ, नाही तर परत ये. वहिनीच्या भावाचं औषधांचं दुकान आहे, तिथं गल्ल्यावर बस. दादा वाईट नव्हता. पण नर्सिंग एकदा सुटलं की सुटलं. आणि माझं आधीच दोन वर्षं सुटलेलं होतं. जीएनएमचा नर्सिंग कोर्स करून बेळगावात तीन वर्षं नोकरी केली, मग आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी राजीनामा देऊन घरी आले. दोन वर्षांनी आई गेली. त्यानंतर मी जिथं जिथं मुलाखतीला गेले तिथं एकच प्रश्न यायचा, मधली दोन वर्षं काय करत होता? घरी होते, म्हटलं की समोरच्याचं पेन खाली ठेवलं जायचं. येलहंक्याला मामेबहिणीकडं राहून तीन ठिकाणी गेले, तिन्ही ठिकाणी तेच. चौथ्या ठिकाणी जायच्या आधी मी एक काम केलं. आमच्या तालुक्याला एक नर्सिंग होम आहे. तिथले डॉक्टर ओळखीवर अनुभवाचं पत्र देतात. माझ्या वर्गातल्या दोघींनी घेतलं होतं. मीही घेतलं. दोन वर्षं स्टाफ नर्स, काम समाधानकारक, सही, शिक्का. सगळे करतात, असं मी स्वतःला सांगितलं. अक्कांच्या घरात शिरले तेव्हा ते पत्र माझ्या बॅगेत प्लास्टिकच्या पाकिटात होतं.

त्या घराला वॉर्डाचे नियम होते. रोज संध्याकाळी सात वाजता हँडओव्हर. जी दिवसभर घरी असेल तिनं, कामावरून आलेलीला, घराचा ताबा रीतसर द्यायचा. माझ्या खोलीत हुबळीची एक मुलगी होती, एका लहान मुलांच्या हॉस्पिटलात कामाला. ती दमून भागून यायची, चप्पल काढायच्या आधी मी तिच्यासमोर वही घेऊन उभी. “गॅस परवा बदललेला. दूध दोन पाकिटं, एक साडेपाचला उघडलंय. मागच्या नळाला गळती, मिनिटाला बारा थेंब. शेजारच्या अज्जी दुपारी दोन चमचे भात कमी जेवल्या.” अक्का आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायच्या. काही राहिलं तर डोळे न उघडता म्हणायच्या, “तुळस?” मग मी जाऊन तुळशीला पाणी घातलंय का बघून यायचं. पहिला आठवडा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी आपसूक घड्याळ बघून गोष्टी टिपायला लागलेय, आणि दोन वर्षांत गंजलेलं काहीतरी आत हलायला लागलंय.

नोकरी शोधायच्या त्यांच्या पद्धती कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. जाहिराती आमच्या फोनवर यायच्या. अक्का त्या कागदावर हातानं उतरवून काढायला लावायच्या आणि मग लाल पेन घेऊन बसायच्या. “‘कुटुंबासारखं वातावरण.’ म्हणजे ड्यूटी संपली तरी घरी सोडणार नाहीत. खोड. ‘तातडीनं पाहिजेत, पंधरा जागा.’ पंधरा जणी एकदम का पळाल्या, ते आधी विचार. खोड. ‘दबावाखाली काम करण्याची तयारी.’ अय्यो, हे तर कबुलीजबाब!” विसातल्या दोन जाहिराती उरायच्या. त्या दोन हॉस्पिटलांची तपासणी करायला अक्का स्वतः जायच्या. डबा घेऊन. तिथल्या कँटीनसमोरच्या बाकावर कुणाच्या तरी नातेवाईक असल्यासारख्या एक ते अडीच बसायच्या आणि किती नर्सेस जेवायला येतात, किती जणी बसून जेवतात, किती जणी उभ्यानं डबा उघडून परत पळतात, ते मोजायच्या. त्यांचं म्हणणं असं, की पगार, पदं, इमारत हे सगळं खोटं बोलू शकतं. जेवणाची सुट्टी खोटं बोलत नाही.

देवनहळ्ळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक नवं मोठं हॉस्पिटल झालं होतं. तिथं अक्का दोन बस बदलून गेल्या आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत आल्या. “अकरा जणी बसून जेवल्या,” त्या म्हणाल्या. “त्यातल्या दोघी हसत होत्या. तिथं अर्ज कर. आणि त्यांच्याकडं लकव्याच्या पेशंटांचा वेगळा वॉर्ड आहे. फरशी स्वच्छ.” मी त्याच रात्री फोनवरून अर्ज केला. अर्जाला पत्र जोडलं. कुठलं, ते सांगायला नको.

माझा बायोडाटा त्यांनी त्याआधीच निम्मा केला होता. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, या तीन शब्दांवर एकच आडवी रेघ. “हे तुझ्या आईनं सांगायचं. तू काय करता येतं ते सांग.” अनुभवाचं पत्र त्यांनी हातात घेऊन चष्म्यातून नीट वाचलं. “शिक्का छान आहे,” म्हणाल्या आणि परत दिलं. तेवढंच. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मुलाखतीचा सराव स्वयंपाकघरात चालायचा. मी बुटक्या मोड्यावर बसायचं, कारण “त्यांची खुर्ची नेहमी तुझ्यापेक्षा उंच असते.” अक्का ओट्याशी. चष्मा लावला की त्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट, चष्मा काढला की एचआरचा माणूस. एचआरचा माणूस झाल्या की माझ्याकडं बघायच्या नाहीत, हातातल्या वांग्याकडं बघत प्रश्न विचारायच्या. “पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?” मी पाठ केलेलं उत्तर दिलं की वांगं चिरत म्हणायच्या, “साकु, पुरे. झोप आली मला.” त्या नर्सिंग होमबद्दल मात्र त्या खोदून विचारायच्या. किती बेड? वीस. ऑक्सिजन कुठं असायचा? जिन्याखाली. इन्चार्ज कोण? मी सगळं घोकून ठेवलं होतं, त्यामुळं कुठं अडले नाही. मला वाटायचं, जमतंय.

पकडले गेले ती मुलाखतीच्या सरावात नाही. शेजारच्या अज्जींकडं.

त्या अज्जींनाही वारं गेलेलं होतं, आईसारखंच, फक्त डावी बाजू. सून दिवसभर एकटीच करायची, म्हणून संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास अक्का जायच्या. एक दिवस त्यांची कंबर धरली आणि त्या मला घेऊन गेल्या. अज्जींना पुसून काढायचं होतं, कपडे बदलायचे होते. अक्का स्टुलावर बसून राहिल्या. मी अज्जींना कुशीवर घेतलं, दोन गुडघ्यांमध्ये उशी सरकवली, टाचांखाली हात घालून त्या गादीला टेकत नाहीत ना बघितलं. झंपर घालताना अधू हात आधी बाहीत घातला, मग चांगला. पेज भरवताना चमचा चांगल्या बाजूच्या गालाकडं नेला आणि गिळून झालं की गळ्यावरून बोट फिरवून बघितलं. आणि सगळा वेळ त्यांच्याशी बोलत होते. काय बोलत होते कुणास ठाऊक. मराठीत बोलत होते, एवढं नंतर आठवलं. अज्जींना मराठी येत नव्हती.

परत येताना फाटकाशी अक्का थांबल्या.

“हे कुठं शिकलीस?”

“नर्सिंग होममध्ये,” मी म्हटलं.

“वीस बेडच्या नर्सिंग होममध्ये माणूस चार दिवस राहतो गं. पोट दुखलं, सलाईन लावलं, घरी गेला. अधू हात आधी घालायचा हे पुस्तकात सगळ्याच वाचतात. मीच शिकवलंय हजार जणींना. पण वाचलेलीचा हात एकदा थांबतो, कुठला आधी म्हणून. तुझा थांबला नाही.” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, कडी काढण्यात गुंतल्यासारखं केलं. “कोण होतं?”

मी तिथंच, रस्त्यावर, भाजीवाल्याच्या देखत, रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते, कारण तेव्हा घरात माणसं होती आणि चहा करायचा होता. सगळं सांगितलं. आईचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. अक्का रागावतील, खोली सोडायला लावतील, असं मला वाटलं. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं आणि एक कोरी वही पुढं टाकली.

“पेशंटचं नाव लिही. वय लिही. काय झालं होतं लिही. दोन वर्षं काय काय केलंस, ते हँडओव्हर द्यावा तसं लिही. मेहनतीनं, प्रेमानं, असलं एक अक्षर नको.”

मी चार दिवस लिहीत होते. कूस बदलायच्या वेळा, हातापायांचा व्यायाम, पहिल्यांदा घोटभर पाणी ठसका न लागता गेलं तो दिवस, सातव्या महिन्यात आईनं डाव्या हातानं स्वतःचे केस विंचरले तो दिवस. लिहिताना मला पहिल्यांदा दिसलं की मी दोन वर्षं ‘घरी’ नव्हते. मी कामावर होते, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम तेच होतं. ते लपवायला मी एका अनोळखी डॉक्टरचा शिक्का मागून आणला होता. अक्कांनी वही वाचली, लाल पेन उघडलं, बराच वेळ हातात धरलं आणि तसंच बंद केलं. मग दोघींनी मिळून त्याचं एक पान केलं.

पत्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी फाडलं. जरा तावातावानंच फाडलं आणि मोरीजवळच्या बादलीत टाकलं. अक्का मागून म्हणाल्या, “तो ओला कचरा. कागद कोरड्यात.” मी भाजीच्या देठांतून माझा खोटा अनुभव तुकडा तुकडा वेचून काढला आणि कोरड्या कचऱ्यात टाकला.

पण एक प्रत सुटलेली होती. देवनहळ्ळीच्या हॉस्पिटलाकडं गेलेली. आणि नेमकं तिथूनच तीन दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. पाडव्याला आठवडा राहिला होता.

“जाऊ नको,” अक्का म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सगळ्या शहरातून त्यांनीच ते हॉस्पिटल निवडलं होतं.

“त्यांच्याकडं खोटा कागद आहे. तो घेऊन मुलाखत दिलीस तर खोटारडी. तो खोटा आहे म्हणून सांगितलंस तरी खोटारडीच, वर वेडी. हे एचआरवाले एकमेकांना कळवतात. एकदा नावावर काट बसली की शहरात कुठं उभं करणार नाहीत. नवं पान घे, दुसरीकडं पाठव. थांब स्वल्प.”

“थांबायला वेळ कुठाय अक्का?” मी म्हटलं. “आणि दुसरीकडं लकव्याचा वॉर्ड कुठाय?”

“मग गल्ल्यावर बसशील आयुष्यभर. ऐक माझं.”

मी ऐकलं नाही. माझा स्वभाव तसा तापटच, पण त्या दिवशी तापून नव्हते बोलत. मला वाटत होतं, ते पान जर खरं आहे, तर ते जिथं खोटं सांगितलं तिथंच आधी दाखवायला हवं. हे असं मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. मी फक्त म्हटलं, “मी जाणार.” अक्का म्हणाल्या, “तुझी मर्जी.” आणि मुलाखतीच्या सकाळी त्या आपल्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. मी दारावर टकटक केली. आतून फक्त खोकल्याचा आवाज आला.

मुलाखतीच्या खोलीत दोघं होती. एक इस्त्रीच्या शर्टातला एचआरचा तरुण आणि एक उंच, पिकलेल्या केसांच्या सुपरिंटेंडेंट बाई. मी बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर धीर गेला असता. कानडीत म्हटलं, “माझ्या अर्जातला शेवटचा अनुभव खोटा आहे. ते पत्र मी मागून आणलं होतं. खरं काय ते या पानावर आहे.”

तरुणानं माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं बघितलं आणि फाईल मिटली. बाईंनी पान हातात घेतलं. दोनदा वाचलं. सगळं वाचून एकच प्रश्न विचारला.

“आईच्या पाठीला जखम झाली होती?”

नाही म्हणायला काही हरकत नव्हती. त्या काही निपाणीला जाऊन बघणार नव्हत्या.

“झाली,” मी म्हटलं. “आठव्या महिन्यात, उजव्या कुल्ह्यावर. दादाच्या मुलीचं बारसं होतं. दोन दिवस घरात पाहुणे होते, मी स्वयंपाकात होते. कूस बदलायच्या वेळा चुकत गेल्या. माझ्यामुळं झाली.”

“बरी झाली?”

“सदतीस दिवसांत.”

बाईंनी पान टेबलावर ठेवलं. “कळवू,” म्हणाल्या. तरुणानं पुढचं नाव पुकारलं. मी बाहेर येऊन बसस्टॉपवर बसले आणि तीन बस सोडून दिल्या.

नंतरचे दिवस कसे गेले ते अजून आठवतं. फोन उशाशी, फोन ओट्यावर, फोन मोरीच्या कोनाड्यात. अक्कांनी मुलाखतीबद्दल एक शब्द विचारला नाही. हँडओव्हर रोज चालू होता. पाडवा आला, गेला. दादाचा फोन आला, रविवारी न्यायला येतो म्हणून. मी हो म्हणणार, एवढ्यात अक्कांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. त्यांची आणि दादाची ओळखदेख काही नव्हती.

“तुमची बहीण इतक्यात सुटत नाही,” त्या म्हणाल्या. “पेशंट डिस्चार्जला तयार नाही. आठ दिवसांनी फोन करा.” आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला. दादाला वाटलं, मी आजारी पडलेय. त्याला समजावता समजावता माझी रात्र गेली.

त्यानंतर चौथ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. लकव्याच्या वॉर्डात, सहा महिने उमेदवारीवर, सोमवारपासून. मी जिन्यावरून ओरडत खाली आले. अक्का गहू निवडत होत्या. “सरी,” म्हणाल्या, “बूट घे चांगले. जुने चावतील.” आणि पुन्हा गव्हात मान घातली. मला राग आला. इतकं झालं, आणि बाई एवढंच म्हणतात? त्यांचं ऐकलं नाही म्हणून अजून धुमसतायत, असं मी धरून चालले. हुबळीच्या मुलीला मी तसं बोलूनही दाखवलं.

आज मी त्याच वॉर्डाची इन्चार्ज आहे. अक्का बनशंकरीचं घर भाड्यानं देऊन मैसूरला भाचीकडं राहायला गेल्या, तिथं भाचीच्या सोसायटीला त्यांनी शिस्त लावल्याचं कानावर येतं. मला जे काही येतं त्यातलं निम्मं माझ्या आईनं बिछान्यावर पडून शिकवलं आणि ते मला येतं हे अक्कांनी दाखवून दिलं. या दोघींच्या ऋणातून मी उतराई होणार नाही, आणि व्हायचंही नाही. पण मला आलेल्या त्या रागाचं अजून थोडं सांगायचं राहिलं आहे.

सोमवारी कामावर रुजू झाले. सुपरिंटेंडेंट बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, पत्राचं प्रकरण उघडणार. उघडलंच.

“एचआर तुला घ्यायला तयार नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ते त्यांच्या जागी बरोबर होते. मीही चार दिवस ठरवू शकले नाही. खरं बोलायला लागलेला माणूस किती दिवस खरं बोलेल, कसं सांगणार? मग अर्जावरचा पत्ता बघितला. तो पत्ता या शहरातल्या निम्म्या सिस्टरना पाठ आहे. मला तर त्या बाईंनी परीक्षेला दोनदा बसवलं होतं, एका बँडेजपायी. मी त्यांना फोन केला.”

अक्का कधी कुणासाठी शब्द टाकत नसत. कितीतरी मुली त्यांच्यापुढं रडल्या होत्या. आणि माझ्याविरुद्ध सांगण्यासारखं तर त्यांच्याकडं बरंच होतं.

“मी विचारलं, अक्का, हिच्यावर विश्वास ठेवू का? त्या म्हणाल्या, ‘मी पोरीला जाऊ नको म्हटलं होतं. मी भ्याले. ती भ्याली नाही. आता तुझं तू ठरव.’ आणि फोन ठेवला. मी त्यांना शिकत होते तेव्हापासून ओळखते. वॉर्डात आग लागली होती तेव्हाही त्या पुढं होत्या. भ्याले, हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.”

फोन कधी केला होता, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं. दिवस मोजले तेव्हा कळलं, दादाला अक्कांनी परस्पर थोपवलं त्याच्या आदल्या दुपारी.

मी वॉर्डात गेले. बारा पेशंट होते. संध्याकाळपर्यंत मान वर करायला फुरसत झाली नाही, ते बरंच झालं. घरी जाताना मात्र बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले आणि येलहंक्यापासून पार मेजेस्टिकच्या स्टँडपर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी न बोलता मला रुमाल दिला.

बनशंकरीला पोचले तेव्हा अक्का व्हरांड्यात चष्मा पुसत बसल्या होत्या. मी बॅग खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना हे आवडत नसे, त्या पाय मागं घ्यायच्या. त्या दिवशी घेतले नाहीत.

“काय झालं गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “उगीच.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना कळलं होतं की मला कळलंय.